भिंतीवरची पणती आणि चौकातला फ्लेक्स

आमच्या लहानपणी मावळातल्या तळेगावात निवडणूक लागली की ती आधी भिंतींवर दिसायची. गेरू आणि निळीचे डबे घेऊन रंगवणारे यायचे आणि एका रात्रीत गावभर जनसंघाच्या पणत्या उगवायच्या. काँग्रेसची बैलजोडी पुढे गाय-वासरू झाली, पण ती रंगवणारा माणूस बहुधा पणतीवालाच असायचा. कर्णा बांधलेली जीप आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी धुरळा उडवत फिरायची. आम्ही पोरं दोन्ही पक्षांचे बिल्ले एकाच सदऱ्यावर लावून तिच्यामागे पळायचो आणि कुणी हटकायचं नाही.

वडील रामभाऊ म्हाळगींबद्दल सांगायचे. 1957 साली म्हाळगी मावळातून जनसंघाचे आमदार झाले. केलेल्या कामाचा छापील अहवाल मतदारांच्या हाती द्यायची त्यांची पद्धत वडिलांना फार कौतुकाची वाटे. पुढे 1972 साली कृष्णराव भेगडे जनसंघाकडून निवडून आले आणि नंतर काँग्रेसमध्ये गेले. तेव्हा ओट्यांवर महिनाभर वाद चालला. भेगडे, दाभाडे, शेळके, काकडे, खांडगे ही आडनावं दोन्ही बाजूंना असायची आणि सोयरीकही आपसातच. सकाळी सभेत ज्याची खिल्ली उडवली, त्याच्याच मांडवात संध्याकाळी पंगतीला बसायचं. ग्रामदैवत डोळसनाथाच्या उत्सवात तर कोण कोणाच्या गटाचा, हे विचारायचीही सोय नव्हती.

पुढाऱ्याचा खून होतो हे आम्हाला कळलं ते मुंबईहून. 5 जून 1970 च्या रात्री लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांना भोसकून मारलं. मावळातली कितीतरी माणसं तेव्हा गिरण्यांत होती, डबे पोचवण्याच्या धंद्यात होती. ती सुट्टीला गावी आली की पारावर हाच विषय निघायचा. त्या जागेवर पोटनिवडणूक लागली, देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडून थोडक्या मतांनी हरल्या. शिवसेनेचा पहिला आमदार तिथून झाला. एका खुनाने गिरणगावाचं राजकारण कूस पालटतंय, हे आमच्या मोठ्यांना तेव्हा कितपत कळलं असेल, देव जाणे. ते मान हलवून म्हणायचे, "मुंबईचं काय सांगावं, बाबा!" म्हणजे इथे तसलं काही होणार नाही.

इथे तरी सगळं गोकुळ होतं असं नाही. बांधावरून डोकी फुटायची, भाऊबंदकीत मुडदेही पडले. पण त्यांचा नगरपालिकेशी संबंध नसायचा. नगरपालिकेत होतं तरी काय? दिवाबत्ती, गटार, नळ आणि एक कायम रिकामी तिजोरी. तिच्यासाठी कोण कोणाला मारणार?

मग रस्ता आला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा पहिला टप्पा 2000 साली सुरू झाला, पूर्ण मार्ग 2002 मध्ये. तळेगाव, चाकणच्या एमआयडीसी वाढल्या, पलीकडे हिंजवडी. भाताच्या खाचरांना गुंठ्याचा भाव आला. ज्या सातबाऱ्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं तो बँकेच्या लॉकरमध्ये गेला. बांधकाम परवाना, आरक्षण, प्रारूप आराखडा हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. नगरपालिकेतली खुर्ची महाग झाली ती तेव्हापासून. पुढच्या सगळ्याच खुनांचं खापर मी जमिनीच्या डोक्यावर फोडत नाही. कोर्टाचं काम कोर्टाने करावं. पण पैसा आला तशी हत्यारंही आली, एवढं कुणीही सांगेल.

13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला निघालेल्या सतीश शेट्टी यांना गाठून मारलं. ते निवडणुकीतले नव्हते, माहितीच्या अधिकारात जमिनीचे कागद मागणारे होते. तपास सीबीआयकडे गेला, बंद झाला, पुन्हा उघडला. ऑक्टोबर 2016 मध्ये माजी नगराध्यक्ष सचिन शेळके यांच्यावर भर रस्त्यात हल्ला झाला. त्या वर्षी नगराध्यक्ष पुन्हा थेट जनतेतून निवडायचा होता, निवडणूक तोंडावर होती, इच्छुकांची धावपळ चालू होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 26 ऑक्टोबर 2020 ला, लोणावळ्यात शिवसेनेचे माजी शहरप्रमुख राहुल शेट्टी यांना सकाळीच भर चौकात गोळ्या घालून मारलं. त्यांचे वडील उमेश शेट्टी यांचाही पूर्वी खूनच झाला होता. लोणावळा म्हणजे चिक्की आणि भुशी धरण असं समजणाऱ्या पाहुण्यांना हे ठाऊक नसतं आणि आपणही सांगत नाही.

आणि 12 मे 2023. जनसेवा विकास समितीचे किशोर आवारे तळेगाव नगर परिषदेच्या इमारतीतून बाहेर पडत असताना दारातच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, वर कोयत्याने वार केले. शुक्रवारची दुपार, कचेरी चालू. पहिल्या फिर्यादीत थेट आमदारांचं नाव आलं, त्यांनी ते फेटाळलं. तपास शेवटी वेगळीकडेच वळला: काही महिन्यांपूर्वी त्याच आवारात झालेल्या भांडणात मारलेली थोबाडीत हे कारण, असं पोलिसांनी सांगितलं. ओट्यावरच्या काळात थोबाडीत बसली तर दोन्हीकडचे म्हातारे मध्ये पडत आणि चार दिवसांनी चहा होई. मध्ये पडणारे ते म्हातारे गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मला या सगळ्यातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच वाटतं.

आता भिंती स्वच्छ आहेत. चौकात फ्लेक्स असतो, त्यावर काळा चष्मा घातलेले भावी नगरसेवक आणि खाली पासपोर्टएवढे पन्नास चेहरे. त्याच खांबावर पुण्यतिथीचा फ्लेक्सही असतो आणि पहिल्या नजरेत वाढदिवस कुठला, पुण्यतिथी कुठली, हे ओळखू येत नाही. प्रचाराला येणारा पूर्वी एकटा, फार तर दोघे, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचा. "वहिनी, लक्ष असू द्या," म्हणायचा. आता तो सोसायटीच्या फाटकापाशी थांबतो, आधी चार पोरं आत येऊन पाहून जातात. त्यातला एक सतत रस्त्याकडे पाठ न करता उभा असतो. त्याला दोष कसा देणार?

माझ्या भाच्याला मागे उभं राहायचं होतं. चाकणला इंजिनिअर आहे, आमच्या भागातल्या पाण्याचा सगळा हिशोब त्याच्याकडे तोंडपाठ. 2022 नंतर निवडणुकाच लांबल्या, कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा तो चिडून म्हणाला होता की लागली की अर्ज भरतोच. कुणी धमकी दिली नाही, कुणी फोन केला नाही. बहिणीने फक्त विचारलं, "आणि रात्री घरी कसा येशील?" त्यावर विषय संपला. असे किती अर्ज भरलेच गेले नसतील, याची नोंद कुठल्या निवडणूक अधिकाऱ्याकडे असणार?

भाचा सध्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तिथेही टँकरचं कंत्राट कुणाला द्यायचं यावरून दोन तट पडलेत आणि बहीण मीटिंगच्या दिवशी त्याला म्हणते, "फार बोलू नकोस."