लहान नाव, मोठा दर्या

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागात जन्म काढलेल्या माणसाला ‘समुद्रात शेवटचा केव्हा उतरला होतास?’ असे विचारले, तर तो बहुधा अनंत चतुर्दशीचे नाव घेईल. गणपती सोडायला आपण गुडघाभर, फार तर कमरेइतक्या पाण्यात जातो. तेथून पुढे मूर्ती कोळी बांधव नेतात आणि आपण मूठभर वाळू घेऊन माघारी फिरतो. एरवी समुद्र म्हणजे चौपाटीवरची भेळ, आणि २०२४ सालापासून कोस्टल रोडवरून जाताना मोटारीच्या काचेतून सरकणारी एक करडी पट्टी! सात बेटांच्या या नगरीत राहून आपण घाटावरच्या माणसाइतकेच कोरडे आहोत.

म्हणूनच कौस्तुभ खाडे या मुंबईकर तरुणाची हकीकत प्रथम वाचली, तेव्हा मला मोठे नवल वाटले. २०१५ साली हा गृहस्थ एकटाच एका चिंचोळ्या नावेत बसून मुंबईहून गोव्याला गेला. सुमारे ४०० किलोमीटरांचे अंतर त्याने १७ दिवसांत तोडले. तेवढ्याने समाधान न होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस तो द्वारकेहून निघाला आणि २०१६ च्या आरंभी कन्याकुमारीला पोहोचला. ३,००० किलोमीटर आणि ८४ दिवस! त्याच वेळी शांजली शाही ही तरुणी किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवरून त्याला साथ देत होती.

या नावेला कयाक म्हणतात. तिचे माहेर उत्तर ध्रुवाकडचे. तिकडचे इन्युइट शिकारी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. आज ती प्लास्टिकची किंवा फायबरची असते. लांबी पाचेक मीटर, रुंदी मात्र माणूस जेमतेम बसेल एवढीच. हातात दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे. शीड नाही, यंत्र नाही. बसणाऱ्याचे डोळे पाण्यापासून पाऊण मीटरच उंच असतात आणि तेवढ्या उंचीवरून क्षितिज उणेपुरे तीन किलोमीटर दूर दिसते. गिरगावातल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून, मध्ये समोरची चाळ नसेल तर, याच्या तिपटीहून अधिक दूरचा समुद्र दिसावा!

इतक्या खालून पाहिले म्हणजे ओळखीचे कोकण अनोळखी होते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै ही आपल्या लेखी एस. टी. च्या पाटीवरची नावे. पण पाण्यावरून रस्ता दिसत नाही, स्टँड दिसत नाही. दिसतो तो काळा कातळ, आणि दक्षिणेस सरकत जावे तसे जांभ्याचे तांबडे कडे. वेळासच्या वाळूत कासवीण अंडी घालून गेलेली असते. वर समुद्रगरुड घिरट्या घालतो आणि एखाद्या सकाळी नावेशेजारीच डॉल्फिनची पाठ वर येऊन पुन्हा बुडते. रानटी, निर्मनुष्य मुलूख पाहण्यासाठी लोक अलास्का-नॉर्वेला जातात. आपल्या दाराशीच तो सुरू होतो, हे आपल्याला ठाऊक नसते.

तो जितका सुंदर, तितकाच कठोर. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या जेथे समुद्राला मिळतात, तेथे खरी परीक्षा. ओहोटीचे पाणी खाडीतून जोराने बाहेर येते, समोरून वारा लाटा आत लोटतो, खाली वाळूचा दांडा असतो. या तिहेरी झोंबाझोंबीत लाट उभीच्या उभी राहते आणि फुटते. म्हणून वल्हवणारा पहाटे निघतो. त्या वेळी जमिनीकडून मतलई वारा वाहत असतो आणि पाणी निवळ असते. दुपारी समुद्रावरचा वारा उठण्याआधी तो किनारा गाठतो. ज्याला वेळ कळत नाही, त्याने पाण्यावर जाऊ नये.

कयाक परदेशी खरी. पण वल्ह्याची लहान नाव आपल्याला नवी नाही. अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तेथे किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना हे नाकावर टिच्चून केलेले काम वाटले आणि त्यांनी जहाजे धाडून बेटाची नाकेबंदी केली. पण वारा पडला की त्यांची शिडे लुळी पडत, आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ही मारीत रात्रीच्या अंधारात त्यांच्या हातावर तुरी देऊन बेटावर रसद पोहोचवीत. १८ ऑक्टोबरच्या झुंजीत तर ‘डव्ह’ नावाचे त्यांचे गलबतच मराठ्यांच्या हाती लागले. अखेर १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तह करून काढता पाय घेतला. हीच खांदेरी जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

मग आपण समुद्राला एवढे का बिचकतो? गिरगाव-लालबागच्या जुन्या घरांत याचे उत्तर एका शब्दात मिळते: रामदास. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही आगबोट भर पावसात काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. माझ्या आजीचा थोरला भाऊ त्यांतलाच. गिरणीला सुटी घेऊन सणाला गावी निघाला होता. आजी पुढे पन्नास वर्षे लालबागच्या चाळीत राहिली, पण घारापुरीच्या लाँचमध्येसुद्धा कधी चढली नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने कयाकमधून खांदेरीपर्यंत जाण्याचा बेत घरात सांगितला, तेव्हा ताईने भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे नुसते बोट दाखवले. भाची माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, तू तरी सांग ना आईला!” मी काय सांगणार? मला वल्हे उजवे की डावे तेही कळत नाही. पण रामदासची एक बाजू आपण विसरतो, तेवढी मी ताईला सांगितली. त्या दिवशी जे वाचले, त्यांतले कित्येक कोळ्यांच्या होड्यांनी वाचवले. रेवसकडून मुंबईला येणाऱ्या होड्यांतली मासळी दर्यात टाकून त्यांनी माणसे आत ओढली, असे सांगतात. मोठी बोट बुडाली आणि लहान होड्या तरल्या! नावेचा आकार तारत नाही. वारा आणि पाणी ओळखणारा माणूस तारतो.

ताई गप्प राहिली. मग तिने भाचीला विचारले, “भरती केव्हाची, ते तरी माहीत आहे का?”

“तिथीची पाऊणपट,” भाची म्हणाली. हा हिशेब तिला एका म्हाताऱ्या तांडेलाने शिकवला होता. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. तेथून सहा तासांनी ओहोटी. ताईने कॅलेंडर उतरवले, तिथी पाहिली, बोटे मोडली. मग एवढेच म्हणाली, “लाइफ जॅकेट घालायचं. सोबत जाणता माणूस हवा. आणि परत किती वाजता येणार, ते कागदावर लिहून ठेव.” भाची ठरल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी परतली. ताई तासभर आधीपासून धक्क्यावर उभी होती.

वाचकहो, आपण सर्वांनीच वल्ही हाती घ्यावीत, असा माझा आग्रह नाही. पण पावसाळा सरून दर्या शांत होण्याचे हेच दिवस आहेत. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे उधाणाचे. अमावास्येला पौर्णिमेचाच हिशेब लागतो. घरातल्या मुलांना तो मांडायला लावा आणि ओहोटीच्या वेळी त्यांना दादरच्या किंवा गिरगावच्या वाळूवर घेऊन जा. पाणी खरोखर मागे गेले आहे का, ते त्यांचे त्यांनाच पाहू द्या.