जॉबला न शिवता

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे शाळेचा इतिहास मागितला होता. आम्ही इतिहासाचे शिक्षक, तेव्हा मागणी रास्तच होती. पण स्थापनेचे साल, पहिली तुकडी, पत्र्याच्या शेडमधून पक्क्या इमारतीत झालेले स्थलांतर हे सारे या अंकात इतरांनी आमच्यापेक्षा नेटके लिहिले असेल. आम्हांला लिहायचे आहे ते एका किल्लीविषयी. ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटाची ही किल्ली आजही आमच्या जुडग्यात आहे. तिच्या दांड्यावर उंदराने कुरतडल्यासारखा एक खळगा आहे. नव्या मुलांना त्याचे कुतूहल वाटते आणि आम्ही बहुधा उत्तर टाळतो. आज टाळणार नाही.

2015 च्या पावसाळ्यातील तो गुरुवार होता. गुरुवार म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्याचा रविवार. कारखान्यांना सुट्टी, दुरुस्तीसाठी विजेलाही सुट्टी, आणि म्हणून वसतिगृहातील मुलांना भेटायला पालक येतात तोही गुरुवारच. सकाळपासून दिवे नव्हते. पालक येण्यापूर्वी खोल्या पाहाव्यात म्हणून आम्ही फेरी मारत होतो. नववीच्या एका मुलाच्या पलंगाखाली फळ्यांचे खोके दिसले. ओढून पाहिले तर आत पाण्याच्या तांब्याएवढे चार जाड कपॅसिटर, त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन पट्ट्या, प्लास्टिकच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि थंड पेयाचा एक रिकामा ॲल्युमिनियमचा डबा. लाइट तर नाहीच, मग भीती कसली, अशा समजुतीने आम्ही वाकलो. हातातला जुडगा त्या दोन पट्ट्यांवर पडला.

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. डोळ्यांपुढे निळे-पांढरे काही तरी लखलखले आणि बराच वेळ एका कानात शीळ वाजत राहिली. किल्ली पट्टीला चिकटून बसली होती. आम्हांला इजा झाली नाही, याचे कारण एवढेच की पट्ट्यांवर आधी किल्ल्या पडल्या, बोटे नव्हेत. शेजारच्या पलंगावर पाचवीतला एक मुलगा झोपत असे. त्याचा चेंडू त्या रात्री पलंगाखाली गेला असता तर, हा विचार आजही झोप उडवतो.

मुलाला बोलावले. त्याने काहीही लपवले नाही. मोबाइलवर त्याने एक चित्रफीत पाहिली होती. तीत तारेच्या वेटोळ्यात ठेवलेले नाणे स्फोटासारख्या आवाजासरशी आक्रसून लहान होते, पण त्यावरचा चेहरा आणि अक्षरे पुसली जात नाहीत. भंगाराच्या दुकानातून त्याने कारखान्यातील बाद यंत्राचे कपॅसिटर मिळवले, रिवाइंडिंगवाल्याकडून तार मिळवली. बुधवारी रात्री एक प्रयत्न झाला आणि डब्याच्या कमरेला किंचित खळगा पडला. दुसऱ्या प्रयत्नासाठी कपॅसिटर पुन्हा भारित केले तोच चौकीदाराची चाहूल लागली, म्हणून खोके पलंगाखाली गेले. सकाळी वीज गेली तेव्हा त्याला वाटले, आता आतलीही गेली असेल. नेमके तेच आम्हांलाही वाटले होते. एक नववीतला आणि एक एम.ए. झालेला, दोघांचे अज्ञान तंतोतंत सारखे होते.

त्या क्षणी आम्ही जे केले त्याचा आम्हांला अभिमान नाही. खोके जप्त केले आणि मुलाला म्हणालो, "पुन्हा असल्या गोष्टींना हात लावायचा नाही. सांगितलं म्हणून ऐकायचं." हे बोललो ते सभागृहात. तिथल्या भिंतीवर तथागतांचे चित्र आहे. केवळ आचार्य सांगतात म्हणून काही मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांचे. मुलगा एकदा चित्राकडे पाहून गप्प उभा राहिला. त्याने मुद्दाम पाहिले की नाही, कोण जाणे.

दुपारी आपला एक माजी विद्यार्थी आला. तो चाकणच्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम करतो. त्याने रबरी हातमोजे चढवले, लाकडी दांड्याला बांधलेल्या तारेने प्रत्येक कपॅसिटरची दोन टोके जोडून ठेवली आणि तार तशीच बांधून टाकली. एकदा रिकामा केलेला मोठा कपॅसिटरही टोके मोकळी सोडली तर आतून थोडा पुन्हा भारित होतो, असे त्याने सांगितले. मग सहज म्हणाला, "सर, लाइट गेली हे कपॅसिटरला कळत नाही."

त्याच संध्याकाळी मुलाचे वडील आले. लातूरकडचे गृहस्थ, भोसरीतील एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. उजव्या हाताची दोन बोटे त्याच प्रेसखाली गेली होती. पत्रा साच्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, हात काढून घ्यायचा, आणि दिवसातून हजारो वेळा हेच करायचे. त्यांतल्या एकदा हात मागे राहिला. आम्ही तक्रारीचा सूर लावून सारी हकीकत सांगितली. मुलाला दोन शब्द बोलतील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी तो डबा हातात घेतला, कमरेवरच्या खळग्यावरून अंगठा फिरवला, वेटोळे पाहिले आणि विचारले, "हे एवढं कशानं दाबलं? वरून काय आपटलं?"

मुलगा म्हणाला, "काहीच नाही. वेटोळं डब्याला लागत पण नाही."

"म्हणजे मशीन जॉबला शिवतच नाही?" वडील आमच्याकडे वळले. "मग सर, ह्यात हात खाली घालावा लागत नसेल?"

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. आणि 'शिवत नाही' हे शब्द आमच्या कानात वेगळेच वाजले. न शिवता माणूस कसा दाबता येतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीला कोणी शिकवावे लागले नव्हते. इथे मात्र तोच शब्द एका कामगाराच्या तोंडी आशेसारखा आला होता. पुढचे काही महिने आम्ही जे वाचत गेलो, ते त्या प्रश्नापायी.

विज्ञानाच्या बाईंनी आधी तत्त्व समजावले. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज वेटोळ्यातून एकदम सोडली की क्षणभर प्रचंड विद्युतधारा वाहते आणि तिच्याभोवती तितक्याच झपाट्याने चुंबकीय क्षेत्र उभे राहते. फॅरडे यांनी 1831 साली दाखवून दिले की बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या धातूत वीज उत्पन्न करते. लेन्झ यांनी 1834 साली तिची दिशा सांगितली : ती ज्या बदलातून जन्मली त्यालाच विरोध करते. म्हणून डब्यातील धारा वेटोळ्यातील धारेच्या उलट वाहते आणि दोन्ही एकमेकांना दूर लोटतात. वेटोळे बाहेर ढकलले जाते, डबा आत दबतो. नाण्याचेही तेच. व्यास घटतो, जाडी वाढते, वजन कायम राहते. वेटोळ्याच्या मात्र दर वेळी ठिकऱ्या उडतात, आणि त्या तांब्याच्या ठिकऱ्या गोळीसारख्या सुटतात. अमेरिकेतील काही छांदिष्ट घरच्या गॅरेजमध्ये हा प्रयोग जाड पोलादी पेटीच्या आड करतात. तिथले पंचवीस सेंटचे नाणे जवळजवळ दहा सेंटच्या नाण्याएवढे होते.

त्यासाठी किती ऊर्जा लागते? सुमारे 5,000 ज्यूल. आकडा मोठा वाटतो, पण शंभर वॅटचा दिवा तेवढ्यावर जेमतेम 50 सेकंद जळेल. फरक वेळेचा आहे. तीच ऊर्जा सेकंदाच्या 40,000 व्या भागात सोडली तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती 200 मेगावॉट होते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॉट आहे. म्हणजे कोयनेचा एक दशांश, डोळ्याची पापणी हलण्याच्या आत, एका नाण्यावर. मुलाच्या खोक्यात याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जा होती, पण ती एका पलंगाखाली होती.

इतिहासाच्या माणसाला खरा रस पुढे लागला. धातू असा चिरडतो हे माणसाच्या आधी आभाळाने करून दाखवले होते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील हार्टले व्हेल येथील रॉकेलच्या कारखान्यावर तांब्याच्या पोकळ नळीचा वीजरोधक होता. वीज पडली आणि नळी चुरगळून चपटी झाली. ती कशाने दबली, याचा उलगडा सिडनीच्या पोलॉक आणि बॅराक्लॉ यांनी 1905 साली केला : नळीतून गेलेल्या धारेच्या स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्राने. पुढे 1920 च्या दशकात केंब्रिजमध्ये प्योत्र कापित्सा यांनी सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्र निर्माण केले. त्यांची युक्ती आम्हांला फार आवडली. जनित्राला बसणाऱ्या हादऱ्याने मोजमाप बिघडू नये म्हणून त्यांनी वेटोळे 20 मीटर दूर ठेवले. जमिनीतून हादरा तिथवर पोहोचेपर्यंत प्रयोग आटोपलेला असे.

आणि वडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले. 1960 च्या दशकापासून कारखान्यांत ही पद्धत धातूच्या नळ्या आवळायला आणि जोडायला वापरली जाते. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे तंत्र विकसित झाले आहे. होय, त्यात साचा आपटत नाही, हत्यार जॉबला शिवत नाही. पण ॲल्युमिनियम, तांबे यांसारख्या विजेच्या चांगल्या वाहकांनाच ते सहज मानवते, आणि यंत्रसामग्री महाग पडते. भोसरीच्या गाळ्यातील जाड पोलादी पत्र्यासाठी प्रेसच लागणार. हे आम्ही वडिलांना पुढच्या एका गुरुवारी सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे मालकाला परवडणार नाही." एवढेच.

फॅरडे यांच्याकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळलो. लोहाराचा मुलगा, पुस्तक-बांधणीच्या दुकानातला उमेदवार. बांधायला आलेल्या विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने वाचला आणि चिंध्या-भंगाराच्या दुकानात दिसलेली काचेची बरणी पैसे साठवून विकत घेतली. अशा बरण्यांतून त्याने आपले पहिले विजेचे यंत्र आणि लेडन जार तयार केली. लेडन जार म्हणजे कपॅसिटरचा पूर्वज. पुढे डेव्ही यांच्याबरोबर युरोपच्या प्रवासाला गेला तेव्हा डेव्हीबाईंनी त्याला नोकरांच्या पंक्तीला बसवले. हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसलो. भंगारातून कपॅसिटर आणणाऱ्या आणखी एका मुलाला आम्ही सभागृहात उभे करून काय सुनावले होते, ते आठवत होते.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगितल्याशिवाय राहवले नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर 1943 मध्ये युद्धोत्तर वीज-विकासाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची सांगड थेट उद्योगीकरणाशी आणि गरिबीच्या चक्रातून सुटण्याशी घातली. आपल्या वर्गात हे भाषण संविधानाइतके कधी वाचले जात नाही. वाचले जावे.

तेव्हा शाळेने काय केले? नाणे चिरडण्याचा प्रयोग आपल्याकडे झाला नाही आणि होणार नाही. त्याला लागणारी पेटी, अंतर आणि जाणकार माणूस आपल्याकडे नाही. पण खोके फेकलेही नाही. बाईंनी एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची जाड नळी मागून आणली. तीत एक जोरदार चुंबक सोडला की तो दगडासारखा पडत नाही, पाण्यात बुडावा तसा सावकाश उतरतो. तोच लेन्झचा नियम, कोणाचे बोट न घेता. दर वर्षी 'विद्युतधारेचे परिणाम' हा दहावीचा धडा आला की ती नळी निघते. आणि रिकाम्या केलेल्या कपॅसिटरचीही दोन टोके तारेने बांधून ठेवायची, हा नियम प्रयोगशाळेच्या दारावर लावला आहे. तो त्या मुलाच्याच अक्षरात आहे.

नाण्याची हकीकत राहिली. त्याने चिरडायला दोन नाणी आणली होती. आजचे पोलादी रुपये विजेचे कमकुवत वाहक, म्हणून ते उपयोगाचे नाहीत, हे त्याने स्वतःच शोधले होते. एक होते नागमोडी काठाचे ॲल्युमिनियमचे दहा पैसे, 2011 सालीच चलनातून गेलेले. दुसरे आजीच्या पेटीतले, 1990 साली जन्मशताब्दीनिमित्त निघालेले बाबासाहेबांच्या मुद्रेचे तांबे-निकेलचे एक रुपयाचे नाणे. चलनातले नाणे नष्ट करणे 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, असे आम्ही काहीशा करड्या आवाजात सांगितले. तो म्हणाला, "सर, चिरडायचे दहा पैसेच होते. बाबासाहेब फक्त सोबतीला आणले होते." आम्ही हसलो. 'रुपयाचा प्रश्न' लिहिणाऱ्या माणसाला रुपयावर पाहून आजीने ते नाणे पंचवीस वर्षे रुमालात बांधून ठेवले होते. आम्ही ते त्याच रुमालात परत केले. दहा पैसे त्याने आमच्याकडेच ठेवले.

मुलगा दहावीनंतर आयटीआयला गेला, वीजतंत्री झाला, आता तोही चाकणला असतो. वडिलांनी प्रेसवरचे काम सोडले, की काम त्यांच्या हातून सुटले, ते आम्ही विचारले नाही. गेल्या उन्हाळ्यात वसतिगृहाचा इन्व्हर्टर बंद पडला. गुरुवारच होता. मुलगा मोटारसायकलवरून आला. इन्व्हर्टरचे झाकण काढण्याआधी त्याने पिशवीतून लाकडी दांडा आणि तार काढली आणि आम्हांला दारापाशीच थांबायला सांगितले.

आम्ही किल्ल्यांचा जुडगा मागे धरून थांबलो.