वाघांचं घर

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या मैदानावर मोठ्या माणसांचे क्रिकेटचे सामने भरले होते. चार दिवस मांडव काय, कर्णे काय! आमच्या चौथीच्या मुलांनी खो-खोचा सराव व्हरांड्यात केला. तेव्हा एका मुलाने मला विचारलं, "बाई, मैदान शाळेचं आहे ना? मग आपणच का हटायचं?" मला काही उत्तर देता आलं नाही. पण त्या दिवशी मी वर्गाला जपानमधल्या एका संघाची गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगते.

माझा मावसभाऊ नोकरीसाठी ओसाकाला असतो. तिथे बेसबॉलचं वेड, आपल्याकडे क्रिकेटचं असतं ना, अगदी तसं. आणि त्यांचा लाडका संघ म्हणजे हानशिन टायगर्स. हानशिन हे खरं तर ओसाका ते कोबे धावणाऱ्या रेल्वेच्या कंपनीचं नाव. या कंपनीने १९२४ साली कोशिएन नावाचं प्रचंड मैदान बांधलं, तेही शाळांच्या बेसबॉल स्पर्धेसाठी! टायगर्सचा जन्म झाला १९३५ साली. म्हणजे घर आधी मुलांचं, वाघ मागाहून राहायला आले.

या वाघांचे पाठीराखे मोठे मजेशीर. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात. सातव्या डावात आपल्या संघाची फलंदाजी यायच्या आधी हजारो लोक लांबुळके फुगे फुगवून एकदम सोडून द्यायचे. सुंई करत फुगे आभाळात! २०२० मध्ये कोरोनामुळे ही प्रथा थांबवावी लागली.

१९८५ साली टायगर्सनी २१ वर्षांनी आपल्या लीगचं विजेतेपद मिळवलं. लोक आनंदाने वेडे झाले. ओसाकातल्या दोतोनबोरी नदीच्या पुलावर जमून ते एकेका खेळाडूचं नाव पुकारू लागले, आणि त्याच्यासारखा दिसणारा माणूस नदीत उडी मारू लागला. (तुम्ही असलं काही करू नका हं!) रँडी बास या दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूसारखा मात्र कुणी सापडेना. मग काय, शेजारच्या केंटकी चिकनच्या दुकानातला दाढीवाल्या कर्नल सँडर्सचा पुतळाच लोकांनी नदीत टाकला! त्या वर्षी टायगर्सनी पहिल्यांदाच जपान सिरीज जिंकली. पण पुढे त्यांचे दिवस फिरले. १९८७ ते २००१ या पंधरा वर्षांत ते दहा वेळा सहा संघांत तळाला राहिले. "कर्नलचा शाप!" लोक म्हणू लागले. आता पुतळ्याचा आणि हरण्याचा काय संबंध? पण लोक मैदानावर यायचे थांबले नाहीत, हे मला जास्त आवडतं. पुतळा २००९ साली नदीत सापडला. जपान सिरीज पुन्हा जिंकायला मात्र २०२३ साल उजाडलं. ३८ वर्षं!

एकदा ऑगस्टमध्ये माझा भाऊ हौसेने कोशिएनला गेला. बघतो तर वाघ घरी नाहीत! दर उन्हाळ्यात हायस्कूलच्या मुलांची देशभरची स्पर्धा तिथे भरते, तेव्हा टायगर्स आपलं घर सोडून बाहेरगावी खेळायला जातात. उन्हातान्हाचा तो प्रवास इतका नकोसा, की त्याला 'मरणाचा दौरा' असं नावच पडलं. तरी मैदान मुलांनाच मिळतं.

हरलेल्या संघातली मुलं जाताना मैदानातली थोडी माती पिशवीत भरून नेतात, रडत रडत. १९५८ साली ओकिनावा बेटावरच्या शुरी हायस्कूलच्या मुलांनीही ती नेली. तेव्हा ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं आणि तिथे बाहेरची माती आणायला बंदी होती. बंदरावरच ती फेकून द्यावी लागली. ही बातमी कळल्यावर विमानातल्या हवाई सुंदरींनी त्या मुलांसाठी कोशिएनचे खडे पाठवले. खडे म्हणजे काही माती नव्हे ना! ते खडे त्या शाळेतल्या स्मारकात बसवले आहेत.

गोष्ट संपली तरी आमचा तो प्रश्नवाला गप्प बसेना. "बाई, सगळ्यांनी माती नेली तर वाघ परत येतात तेव्हा मैदानात उरते का हो?"

"उरते की. मैदान राखणारी माणसं नवीन माती घालतात."

आमच्याकडचे सामने संपले, तेव्हा मैदानभर मांडवाच्या खांबांचे खड्डे होते. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या प्रार्थनेच्या आधीच घरून घमेलं घेऊन हजर!