परत न केलेली चावी

वाकडच्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा आधीच्या मालकांनी चार चाव्या माझ्या हातावर ठेवल्या. "एवढ्याच आहेत बहुतेक," ते म्हणाले. माझं लक्ष त्या 'बहुतेक'वर अडकलं.

घर बारा वर्षांचं. मालक त्यात दोनच वर्षं राहिले, बाकी सगळा काळ भाडेकरू. हिंजवडीत नोकरी, ११ महिन्यांचा करार, तो संपला की दुसरे. वाकडमध्ये हे घरोघरी चालतं. तिघं-चौघं मिळून राहायची, म्हणून प्रत्येकाकडे एक चावी. शिवाय कामवाल्या मावशींकडे एक, एजंटकडे एक, कधी सुताराला दिलेली एक. बारा वर्षांत या दाराच्या किती चाव्या कुठं गेल्या, याचा हिशोब कुणाकडेच नव्हता.

अम्मी म्हणाली, "आधी कुलूप बदल, मग सामान आण." बायको म्हणाली, "चांगलं चालतंय की. स्टॅम्प ड्युटी भरून आधीच खिसा रिकामा झालाय." दोघींचंही पटत होतं.

शेवटी डांगे चौकातून एका चावीवाल्याला घेऊन आलो. आडनाव शिकलगार. शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारं घासून-पुसून धार लावणारे. हा शब्दच झळाळी देण्याच्या 'सैकल' या अरबी शब्दावरून आलेला. तलवारी गेल्या, हातातली कला कुणी चाव्यांकडे वळवली. चाव्या करणारे सरदारजी आपण रस्त्यावर पाहतो, त्यांच्यातही शिकलगार आहेत.

त्यानं मुख्य दाराच्या लॅचमध्ये चावी दोन-तीनदा फिरवली. "भाईजान, हे आख्खं काढून कशाला टाकता? कुलूप ठणठणीत आहे. आतल्या पिना बदलून देतो. जुन्या चाव्या बाद."

मग सिलिंडर काढून त्यानं मला दाखवलंच. आत छोट्या पितळी पिना, प्रत्येकीची लांबी वेगळी, वर स्प्रिंग. चावीचे दाते या पिना नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हाच मधला गोल भाग फिरतो. पिनांची लांबी बदलली की जुनी चावी आत जाते, पण फिरत नाही. अशा कुलपाला आजचं रूप दिलं ते अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनियर यानं, १८६० च्या दशकात. आणि पिनांची मूळ कल्पना तर प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांइतकी जुनी.

सेफ्टी डोअरचं कुलूप मात्र त्यानं हातात धरलं आणि मान हलवली. ते लिव्हरचं होतं, आतल्या पट्ट्या झिजलेल्या. चावी अर्धी घातली तरी फिरत होती. "याला हात लावण्यात अर्थ नाही. नवं घ्या."

तुमच्यावर ही वेळ आली तर हिशोब साधा आहे. कुलूप मजबूत असेल, चावी अडकत नसेल, आणि प्रश्न फक्त चाव्या कुणाकडे आहेत एवढाच असेल, तर पिना किंवा सिलिंडर बदलून भागतं. खर्च कमी येतो, दाराला नवी भोकं पडत नाहीत. कुलूप झिजलेलं असेल, कुणी ते उचकटायचा प्रयत्न केला असेल, किंवा मुळातच हलकं असेल, तर आख्खं बदलावं. आणि चौकट सडलेली असेल तर कितीही महागाचं कुलूप बसवा, उपयोग नाही.

पण माझा निर्णय पैशांवर झाला नाही. त्यामागे सात वर्षांपूर्वीचा एक फोन होता.

तेव्हा आम्ही वाकडमध्येच भाड्यानं राहायचो. ते घर सोडून दीड महिना झाला होता. घरमालकांचा फोन आला. "घरात चोरी झालीय. तुमच्याकडे एखादी चावी राहिलीय का?" आवाज शांत होता. मी म्हणालो, नाही. रात्री मुलीच्या जुन्या दप्तराच्या कप्प्यात ती सापडली. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुसलमान भाडेकरू, आणि घरात त्या दाराची चावी. कुणी काही बोललं नव्हतं, पण पुढची वाक्यं मला पाठ होती. सकाळी जाऊन चावी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, काही बोलले नाहीत. चोर गॅलरीची जाळी कापून आला होता, हे मला पुढे वॉचमनकडून कळलं.

चावी ही अमानत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हिजरी ८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३० साली मक्का जिंकल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काबागृहाची चावी उस्मान बिन तल्हा यांना परत दिली. जवळच्या नातलगांतून मागणी झाली होती, तरीही. अमानत हक्कदाराला पोहोचवा, असं सांगणारी सूरह निसाची ५८ वी आयत या प्रसंगाशी जोडली जाते. काबागृहाची जुनी कुलपं आणि चाव्या आज इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहेत. कुलपं बदलत गेली, चावीचा मान मात्र आजही त्याच बनू शैबा घराण्याकडे आहे. म्हणजे कुलूप बदललं म्हणून विश्वास मोडतो असं नाही.

मला तर वाटतं, माझ्या दाराची चावी ज्यांच्याकडे चुकून राहिली असेल, त्यांना त्या ओझ्यातून मोकळं करणं माझ्या हातात होतं. उद्या माझ्या घरात काही झालं, तर तसा फोन कुणालाही जायला नको.

मुख्य दाराच्या पिना बदलल्या, सेफ्टी डोअरला नवं कुलूप बसवलं. प्रत्येकी चार चाव्या. कुणाकडे कुठली, हे बायकोनं वहीत लिहून ठेवलं. त्यात मावशींचंही नाव आहे.

संध्याकाळी जुन्या मालकांना फोन करून सांगितलं, "कुलपं बदललीत. कुणाकडे चावी सापडली तर खुशाल टाकून द्या."

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. परवाच एक माझ्या ड्रॉवरमध्ये सापडली. तुम्हाला कसं सांगावं, तेच कळत नव्हतं."