रिमोटवाली कॅडी आणि आमचे अण्णा



खूप दिवसांनी एवढं मोठं लिहितेय. चहा घेऊन बसा. विषय थोडा विचित्र आहे: गोल्फची बॅग वाहून नेणारी, रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक कॅडी. ज्यांची मुलं गोल्फ खेळतात त्यांना उपयोग होईलच, पण ज्यांच्याकडे उन्हाळ्यात भारतातून आईवडील येतात त्यांनी तर नक्की वाचा.

आमची लेक १४ वर्षांची. बाकीच्यांची मुलं स्पेलिंग बी, रोबोटिक्स, भरतनाट्यम करतात, आमच्या बाईसाहेब गोल्फ खेळतात. आम्हा दोघांच्या खानदानात कोणी गोल्फची काठी हातात धरलेली नाही, असं मी अगदी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगायचे. शाळेच्या टीममध्ये तिची निवड झाली आणि आमच्या संध्याकाळी मैदानावर जायला लागल्या.

गोल्फच्या बॅगेचं वजन किती असतं माहितीये? नियमाने १४ काठ्या ठेवता येतात. त्यात बॉल, पाणी, छत्री, रेनकोट धरलं की बॅग सहज १२-१३ किलोंची होते. आणि १८ होल चालत खेळायचे म्हणजे ८ ते १० किलोमीटर. बसायच्या गोल्फ कार्टला आमच्या मैदानावर लायसन्स लागतं आणि कोच म्हणतात मुलांनी चालायलाच हवं. म्हणून आमच्याकडे तीनचाकी ढकलगाडी होती, आणि सरावाच्या दिवशी ती ढकलणारी मी! नॉर्थ कॅरोलायनातला आमचा भाग चढउतारांचा. दोन सीझन ढकलली आणि मग माझा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, ब्लाउजचं हुक लावताना डोळ्यांत पाणी यायचं.

तेव्हा ही इलेक्ट्रिक कॅडी घेतली. नव्या घेतल्या तर हजार डॉलरपासून अडीच-तीन हजारांपर्यंत जातात. आम्हाला ओळखीतल्या एका रिटायर्ड गृहस्थांकडून वापरलेली ९०० ला मिळाली. मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटरी असतात. एक चाक हळू, दुसरं जोरात फिरलं की गाडी वळते. मध्ये लिथियम बॅटरी, उतारावर आपोआप ब्रेक, चढावर मागे कलंडू नये म्हणून मागच्या बाजूला एक छोटं चाक. हातात काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा रिमोट: पुढे, मागे, डावं, उजवं आणि मध्ये लाल बटण, थांब. महागड्या मॉडेलमध्ये गाडी आपोआप माणसाच्या मागे मागे येते. आमची तेवढी शहाणी नाही, तिला सांगावं लागतं.

गाडी एप्रिलमध्ये आली आणि मे महिन्यात अण्णा आले. माझे वडील. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटे. वय ७६, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत ३६ वर्षं नोकरी केलेले, कामाशिवाय एक दिवस बसलेले मी पाहिले नाहीत. ६ महिने राहायचं असं ठरवून आले होते.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. आपण सगळे ऑफिसात, मुलं शाळेत. घर शांत, रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाडी चालवता येत नाही. मी त्यांना काहीच करू द्यायचे नाही. भांडी घासायला गेले की "अण्णा, राहू द्या, डिशवॉशर आहे". गवत कापायला निघाले की "अहो माणूस येतो". आराम करा, आराम करा. पाचव्या आठवड्यात एके दिवशी म्हणाले, "तिकीट अलीकडचं होतंय का बघ. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?"

मला रडूच आलं. पण ह्या वाक्याला उत्तर काय देणार?

त्या संध्याकाळी घरी एकटे नकोत म्हणून त्यांना मैदानावर घेऊन गेले. साडेपाचनंतर तिथे दर कमी असतो, ऊनही उतरतं. गाडीतून कॅडी काढली, उलगडली, बॅग बांधली. अण्णा बराच वेळ बघत होते. "पिशवी उचलायला मशीन?" एवढंच म्हणाले. किंमत विचारली. मी नेहमीप्रमाणे खोटं सांगितलं, ३०० डॉलर. (तुम्ही पण सांगता, माहितीये मला.)

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, हे पण खेळणार का? लेक पटकन म्हणाली, "नो, ही इज माय कॅडी."

अण्णांना एवढं इंग्रजी नक्की कळतं. त्यांचा चेहरा एकदम गप्प झाला. मला वाटलं, आता झालं! फॅक्टरीत हाताखाली चाळीस माणसं असलेला माणूस, त्याला नातीने हमाल म्हटलं. बाहेर आल्यावर मी तिला दटावलं. तर ती मलाच म्हणते, "आई, अदिती अशोकची आई तिची कॅडी होती. ऑलिंपिकमध्ये!" खरं आहे ते. टोकियोत अदिती चौथी आली तेव्हा बॅग तिच्या आईकडे होती, आणि त्याआधी रिओला वडिलांकडे.

अण्णा काही बोलले नाहीत. चालायला लागले.

दुसऱ्या होलला मी पराक्रम केला. गाडी उतारावरून माझ्याकडे तोंड करून येत होती, पुढे ओढा. मला वळवायची होती उजवीकडे, पण समोरून येणाऱ्या गाडीचं उजवं म्हणजे आपलं डावं, हे त्या घाईत सुचेना. लाल बटणही सुचेना. गाडी सरळ ओढ्याच्या काठच्या गवतात जाऊन आडवी झाली. बॅग अर्धी पाण्यात. लेक किंचाळली. मी "सॉरी सॉरी" करत धावले.

अण्णा शांतपणे खाली उतरले, बॅग सोडवली, गाडी उभी केली, चाकातलं गवत काढलं आणि हात पुढे केला. "आण तो रिमोट इकडे. गाडीच्या जागी आपण उभे आहोत असं समजायचं, मग चुकत नाही."

त्या दिवसापासून रिमोट माझ्या हातात परत आला नाही.

पण मला वेगळंच काही दिसायला लागलं. अण्णा गाडी ग्रीनपासून लांब, नेमकी पुढच्या टीच्या वाटेवर उभी करायचे. लेक पटिंग करताना त्यांची सावली कधी तिच्या बॉलवर पडायची नाही. ती काठी उचलायची तेव्हा ते जागचे हलायचे नाहीत. बॉल झाडीत गेला तर सरळ चालत जाऊन काढून द्यायचे, कारण पडताना कुठल्या झाडाच्या रेषेत पडला हे त्यांनी मनात धरलेलं असायचं. बंकरमधली वाळू न सांगता सारखी करायचे. हे सगळं शिकायला मला दोन वर्षं लागली होती, आणि लेकीची बोलणीही खावी लागली होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी लेकीनेच विचारलं, "आजोबा, तुला हे सगळं कसं माहीत?"

अण्णा म्हणाले, "त्या दिवशी तू सांगितलंस ना काउंटरवर? मी कॅडीच होतो."

मंडळी, मी ४८ वर्षांची आहे. पानशेतच्या पुरात त्यांची नदीकाठची खोली वाहून गेली आणि ते मामाकडे येरवड्याला आले, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. पण ती तिथेच संपायची. येरवड्याला इंग्रजांच्या काळापासूनचं गोल्फचं मैदान आहे, हेही माहीत होतं. १९६१ साली बारा-तेरा वर्षांचा मुलगा उजाडायच्या आत त्या मैदानाच्या फाटकाबाहेर रांगेत उभा राहायचा, आणि कुणी बोट दाखवलं की अनवाणी पायांनी बॅग खांद्यावर घेऊन चालायला लागायचा, हे कधी कोणी सांगितलंच नाही. फेरीचे आठ-बारा आणे. तीन वर्षं केलं म्हणे. शाळेतल्या मुलांना कळू दिलं नाही. पुढे आईला सांगितलं होतं, पण आम्हा मुलांना नाही. "त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

लेकीने विचारलं, "मग तू किती चांगला खेळायचास?"

"खेळायचो कुठे? काठी पुसायची, द्यायची, परत घ्यायची. बॉल मारायला कोण देणार?"

तिने बॅगेतून सात नंबरची आयर्न काढली आणि त्यांच्या हातात दिली. "घे, मार." मागे कोणी नव्हतं. अण्णांनी इकडे तिकडे बघितलं, जणू आत्ता कोणी ओरडेल. पहिली हवेत गेली. दुसरीने गवत उडालं. तिसऱ्या वेळी बॉल जेमतेम वीस पावलं सरपटत गेला. लेक टाळ्या वाजवत होती. मी खांदा धरून लांब उभी होते, फोटो काढायचंही सुचलं नाही.

नंतर गाडीत मी म्हटलं, "अण्णा, आधी का नाही सांगितलंत? मी ते मशीन आणून तुमच्यासमोर ठेवलं..." ते म्हणाले, "मशीन चांगलं आहे. तेव्हा ओझं इतकं असायचं की मान वर करायची सोय नव्हती. साहेब पण बोलायचा नाही, बॅग ठेव, बॅग उचल, एवढंच. आता बॅग मशीन नेतं आणि पोरगी माझ्याशी बोलते." थोड्या वेळाने म्हणाले, "पण तेव्हा हे मशीन आलं असतं तर माझी आठवीची पुस्तकं आली नसती. तेही लक्षात ठेव."

भारतातल्या क्लबांत आजही बॅग बहुतेक माणसंच उचलतात. पुढच्या वेळी कोणी मला हौसेने तिथल्या मैदानावर नेलं तर बॅग उचलणाऱ्याशी मी बोलेन, एवढं मनाशी ठरवलंय.

तिकीट अलीकडचं झालं नाही. आठवड्यातले चार दिवस, रोज ९ होल, दोन-सव्वादोन तास. मी बऱ्याचदा बाकावर बसून ऑफिसच्या ईमेल उरकायचे आणि ते दोघं लांब जाताना दिसायचे, मध्ये ती गाडी डुगडुगत. रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षं घालून जे आलं नाही ते तिथे आलं. चढ, उतार, दव, सावली, वारा कुठून आहे, अंदाज. "अंदाज" हा तिचा लाडका शब्द झालाय. यार्ड मोजायचं यंत्र खिशात असून "आजोबा, अंदाज काय?" असं विचारते. "बॉल कुठे गेली?" म्हणते अजून, आणि अण्णा तिला "गेला, गेला" म्हणून सुधारतात.

आता ज्यांना ही गाडी घ्यायचीये त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. घ्यायच्या आधी ती घडी घालून तुमच्या डिकीत बसते का आणि तुम्हाला एकट्याने उचलता येते का ते बघा, कारण बॅटरीसकट वजन बरंच असतं. वापरलेली घेत असाल तर बॅटरीचं वय आधी विचारा, खरा खर्च तिथेच आहे. रिमोटच्या टप्प्याबाहेर गेली की गाडी आपोआप थांबते का, आणि बॅटरी संपली तर चाकं मोकळी करून हाताने ढकलता येते का, हे स्वतः करून बघा. पाण्याच्या बाजूला तोंड करून कधी उभी करू नका (अनुभवाचे बोल). थंडीत गॅरेजमध्ये गोठवू नका, बॅटरी घरात आणा, आणि शून्य अंशाखाली चार्ज तर करूच नका. मुलांच्या स्पर्धेत अशी गाडी आणि सोबत कॅडी चालतो का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, आधी विचारा.

आणि भारतात न्यायचा विचार करू नका. अण्णांनी जाताना हळूच विचारलं होतं, पुण्याला नेता येईल का म्हणून. विमानात प्रवाशाला १६० वॅट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही, १०० च्या वर असेल तरी एअरलाइनची परवानगी लागते. आमची २४ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची, म्हणजे ४८० झाली. "मग राहू दे इथेच," म्हणाले, "मी येईन तिच्यासाठी."

ऑक्टोबरच्या शेवटी अण्णा गेले. एअरपोर्टवर लेकीला रिमोट देताना म्हणाले, "रोज रात्री चार्जिंगला लाव." आता शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नसतो. "गाडी बरी आहे ना? तिचं पटिंग काय म्हणतंय?"

मी वर्षानुवर्षं आईवडिलांना इथे आणून आराम करायला सांगत होते. त्यांना काम हवं होतं. तेही आपण मन राखायला काढून दिलेलं नको, त्यांच्यावाचून अडेल असं काम हवं होतं. ते मला ओढ्यात गाडी घालून कळलं. तुमच्याकडे गोल्फ नसेल, भाजीचा वाफा असेल, सॉकरची प्रॅक्टिस असेल, कुत्रा असेल. रिमोट द्या त्यांच्या हातात.

आणि एक कराच. आज-उद्या फोन होईल तेव्हा जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे विचारून झालं की आणखी एक विचारा: "तुम्ही सगळ्यात पहिलं काम कुठलं केलंत? पैसे किती मिळाले होते?" काय उत्तर येतंय ते मलाही सांगा. मी वाट बघतेय.