आजोबांचे पिस्तूल

आमच्या वडिलांना प्रभूने बोलावून घेतले, त्यानंतर आम्हां तिघा भावंडांपुढे जो पहिला प्रश्न उभा राहिला तो जमिनीचा नव्हता, तर कपाटातील एका पिस्तुलाचा होता. आजोबांकडून ते वडिलांकडे आले होते. परवाना वडिलांच्या नावे होता आणि परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. वसईहून मुंबईला जाऊन आम्ही ते एका वृद्ध शस्त्रविक्रेत्याच्या स्वाधीन केले व रीतसर पावती घेतली.

या पिस्तुलाची एक कथा आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाई. १८९६-९७ च्या प्लेगच्या साथीत आमच्या पणजोबांनी एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या आजारी कुटुंबाची सेवा केली आणि त्याने कृतज्ञतेने हे पिस्तूल त्यांना भेट दिले, अशी ती कथा. नाताळात पाहुणे जमले की ती हमखास निघे. थोरल्या भावाला वाटे की, एवढा इतिहास असलेल्या वस्तूला मोठी किंमत येईल आणि त्यातून जुन्या घराचे छप्पर नवे करता येईल. धाकटी बहीण धर्मभगिनी आहे. शस्त्राचे पैसे घरात येऊ नयेत, असे तिचे म्हणणे. या मतभेदातून आमच्यात काही काळ अबोलाही आला.

विक्रेत्याने भिंग लावून पिस्तूल न्याहाळले. वरच्या सरकत्या भागावर ‘वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड’ अशी अक्षरे होती. ते म्हणाले, “वेब्ली आणि स्कॉट ही घराणी १८९७ साली एकत्र आली, पण कंपनीचे नाव इतके आटोपशीर झाले ते १९०६ मध्ये. शिवाय .३२ चे हे आपोआप भरणारे पिस्तूल त्यांनी विसाव्या शतकातच बाजारात आणले.” नळीजवळ एक इवलासा मुकुट व त्याखाली ‘एन.पी.’ ही अक्षरे होती. बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाची ती खूण. १८१३ साली स्थापन झालेल्या या गृहात प्रत्येक शस्त्रातून नेहमीपेक्षा जोरकस बार उडवून पाहतात आणि ते टिकले तरच त्यावर ठसा मारतात. धूरविरहित दारूच्या चाचणीची ही खूण १९०४ पासूनची. दुसऱ्या बाजूला पुसट झालेले दुकानाचे नाव होते : ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ काळा घोड्याजवळ आजही ज्यांची इमारत उभी आहे, तेच हे दुकान. १९३४ मध्ये त्या संस्थेचे नाव बदलले. म्हणजे पिस्तूल १९०६ ते १९३४ या काळातले. प्लेगच्या साथीत ते जन्मालाच आले नव्हते!

आम्ही गप्प झालो. मग भावाने किमतीचे विचारले. विक्रेत्याने समजावून सांगितले की, किंमत केवळ वयावर ठरत नाही. मूळची निळसर झिलई शाबूत आहे का, मुठीच्या पट्ट्या अस्सल आहेत का, यंत्रणा बिनचूक चालते का, जुने कागदपत्र सोबत आहेत का, हे पाहिले जाते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट महत्त्वाची. .३८ आणि .४५५ या मापांची हत्यारे सामान्य नागरिकाला निषिद्ध, .३२ ला मात्र परवाना मिळतो. परदेशी शस्त्रांची खाजगी आयात अनेक वर्षांपासून जवळजवळ बंद असल्यामुळे जुन्या विलायती .३२ ला गिऱ्हाईक असते. “पण हे कोणी घासले?” त्यांनी विचारले. आम्हांला आठवले : दर नाताळच्या आधी वडील अंगणात बसून राखेने व रॉकेलने ते लखलखीत करीत. त्या मायेच्या हाताने झिलई गेली होती आणि तिच्याबरोबर बरीचशी किंमतही.

घरी आल्यावर आईला सांगावे की नाही, यावर आम्ही बराच वेळ घालवला. तिचे वय शहाऐंशी, आणि त्या कथेचा तिला अभिमान असेल असे आम्ही गृहीत धरले होते. शेवटी सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “मला ठाऊक होते. तुमच्या आजीने मला सांगितले होते. आजोबा केळी विकून मुंबईहून रात्रीच्या गाडीने परतत. एकदा स्टेशनवरून घरी येताना वाटेत त्यांना लुबाडले, मारले. त्यानंतर त्यांना अंधाराची भीती वाटू लागली. म्हणून त्यांनी ते विकत घेतले. पण भ्यालो म्हणून घेतले, असे चारचौघांत कसे सांगणार? मग त्यांनी साहेबाची गोष्ट रचली.”

आम्ही इतकी वर्षे पणजोबांच्या शौर्याचा वारसा मिरवीत होतो. प्रत्यक्षात आमच्या वाट्याला आली होती ती एका मारहाण झालेल्या बागायतदाराची भीती. खरे सांगायचे, तर त्या दिवशी आजोबा आम्हांला अधिक जवळचे वाटले. गेथशेमानी बागेत पेत्राने तलवार उपसली, तीही भयापोटीच. प्रभूने त्याला ती म्यान करायला लावली, पण त्याला दूर लोटले नाही.

वारसाहक्काने परवाना मागण्याची तरतूद कायद्यात आहे. इतर वारसांची लेखी संमती जोडून आम्हांपैकी एकाला अर्ज करता आला असता. परवानाधारक गिऱ्हाइकाला विकण्याचाही मार्ग खुला होता. पुष्कळ विचारान्ती आम्ही दोन्ही वाटा सोडल्या आणि पिस्तूल सरकारजमा करण्याचा अर्ज दिला. थोरल्या भावाला होकार द्यायला सर्वांत जास्त वेळ लागला. छप्पर या पावसाळ्यातही गळणारच होते. पण सही करताना तो म्हणाला, “भीती विकून घर शाकारायचे नाही.”

आता आईच्या पेटीत पिस्तुलाची रिकामी चामडी खोळ तेवढी उरली आहे. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, आम्ही आजोबांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केला. नाताळात पाहुणे आले आणि पिस्तुलाची गोष्ट निघाली, तेव्हा आम्ही ती खरी होती तशी सांगितली.