जुना संगणक, परक्याची अमानत

मुलांच्या अभ्यासासाठी संगणक हवा होता. नवा परवडेना, म्हणून आम्ही पुण्याहून जुना लॅपटॉप अंथुर्ण्याला आणला. बॅटरी, कीबोर्ड दुकानातच तपासले. मशीनचा सिरियल नंबर लिहिलेली पावतीही घेतली. चोरीचा माल कितीही स्वस्त असला, तरी तो आपल्याला हलाल नाही.

घरी सुरू केला तर आत आधीच्या मालकाच्या घरातले फोटो आणि आधार कार्ड! मुले बघायला सरसावली. आम्ही स्क्रीन मिटवली. दार उघडे राहिले म्हणून परक्याच्या घरात डोकावायचे नसते.

फाइल नुसती डिलीट केली, तर बहुतेक वेळा तिची नोंद तेवढी जाते. मजकूर परत काढता येतो. म्हणून आम्ही पूर्ण डिस्क पुसून घेतली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून त्यावर मोफत मिळणारे लिनक्स टाकले.

आपलाही जुना संगणक विकताना किंवा मदरशाला देताना आधी कामाच्या फाइली काढून घ्याव्यात. मग विंडोजच्या रिसेटमध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि त्यातले ‘क्लीन डेटा’ निवडावे. वेळ लागतो, पण घरातल्या लेकीसुनांचे फोटो आणि बँकेचे कागद परक्या हाती जात नाहीत.